तुमचं शुद्ध पाणी तुम्हालाच लखलाभ



'शुद्ध पाणी' ह्या शब्दाची मला चीड आहे. टाकीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं, शुद्ध पेयजल. आमदार वस्तीत येतो, म्हणतो, तुम्हाला शुद्ध पाणी देतो. आणि आपली शिकलेली पोरंही निवेदनात लिहितात, 'वस्तीस शुद्ध पाणी मिळावे, ही नम्र विनंती.' अरे, शब्द उचलताना तो कुणाच्या घरातून आला हे तरी बघत जा. शुद्ध कोण आणि बाटलेलं कोण हे ठरवण्यात ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या, त्यांच्या घरातला हा शब्द. त्या हिशेबात आपण हात लावला की पाणी अशुद्ध, आपण लांब उभं राहिलो की शुद्ध. पाण्यात काय आहे ह्याच्याशी त्या शब्दाचा काडीचाही संबंध नाही.

पुरावा पाहिजे? महाडला चला.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं आपलं झालं. पण कागद पिऊन तहान भागते काय? तीन वर्षं कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब परिषदेतल्या हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मग काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. देवळात शिरणार अशी आवई उठली, जेवत्या माणसांवर काठ्या पडल्या. पण त्यानंतरचा भाग आपण भाषणात नुसता उल्लेख करून सोडून देतो. तो सोडू नका. सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. १०८ मडकी घेतली. त्यांत दही, दूध, गाईचं शेण आणि मूत घातलं. मंत्र म्हणत ती मडकी तळ्यात बुडवली. झालं पाणी शुद्ध.

आता ही गोष्ट प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवा. भारतीय मानक संस्थेचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, नंबर १०५००, २०१२ सालचं. त्यात लिहिलंय की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय नावाचा जंतू एकही सापडता कामा नये. हा जंतू राहतो कुठं? माणसाच्या आतड्यात आणि जनावराच्या आतड्यात. गाईच्याही. म्हणजे शेणात. ह्या मानकानं बघा आणि सांगा, त्या मार्चमध्ये चवदार तळ्यात घाण कुणी घातली? आपल्या ओंजळीनं की त्यांच्या मडक्यांनी? ज्या मिनिटाला त्यांच्या लेखी ते पाणी शुद्ध झालं, त्याच मिनिटाला ते प्यायला नालायक झालं.

म्हणून मी म्हणतो, शुद्ध पाणी तुमचं तुम्हाला लखलाभ. आपल्याला सुरक्षित पाणी पाहिजे. शुद्ध म्हणजे कुणी शिवलं. सुरक्षित म्हणजे आत काय आहे. पहिलं ठरवायला भटजी लागतो, दुसरं ठरवायला काचेची बाटली लागते. भटजीची मक्तेदारी बाबासाहेबांनी ओंजळीनं मोडली. बाटली अजून आपण हातात घेतलेली नाही. माझं भांडण ह्यासाठी आहे.

०

कुणीतरी शहाणा लगेच म्हणेल, जंतूला काय जात असते? नसतेच. पण पाइपलाइनला असते.

गावाची टाकी कुठं बांधतात? गावात, उंचावर. लाइन पहिली कुठं जाते? सरपंचाच्या आळीत, बाजारपेठेत, देवळामागं. शेवटी कुठं येते? आपल्याकडं. वस्ती उताराला, नाल्याच्या काठाला, गावाचं गटार जिथं उतरतं तिथं. पूर्वी नदीवर वरच्या अंगाला त्यांचा पाणवठा आणि खालच्या अंगाला आपला, हे ठरलेलंच होतं. वर धुतलेलं, वर सोडलेलं सगळं आपल्या घागरीत. नदी गेली, नळ आला, पण वरचं अंग आणि खालचं अंग तसंच राहिलं. फक्त आता ते जमिनीखाली आहे म्हणून दिसत नाही.

ह्यात विज्ञान काय आहे ते नीट समजून घ्या, कारण इंजिनिअर आपल्याला इथंच गुंडाळतो. नळाला चोवीस तास पाणी असलं तर पाइपात दाब राहतो. पाइप कुठं चिरला असला तर पाणी आतून बाहेर गळतं. पण पाणी तासभर सोडलं आणि बंद केलं की पाइप रिकामा होतो, दाब जातो, आणि त्याच चिरेतून बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. पाइप गटारातून नेलेला असला तर गटाराचं पाणी आत. वर लोकांनी मोटारी लावल्या की आणखी ओढ. मग दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं वास मारतो. हे वस्तीतल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. 'पयलं पाणी सोडून द्यायचं, मग भरायचं,' असं आपल्या आया सांगतात ते उगाच नाही. आणि जिच्या नशिबी नळ दहाच मिनिटं येतो, तिनं काय सोडून द्यायचं आणि काय भरायचं?

दुसरी गोष्ट क्लोरीनची. टाकीत टीसीएल पावडर टाकतात. ती चांगली असली तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं पडलं, ओलं झालं की क्लोरीन उडून जातो, राहतो तो नुसता चुना. टाकीत पावडर बरोबर पडली तरी पाणी लांब जाता जाता क्लोरीन घाणीशी झुंजत संपत जातो. म्हणून मानक म्हणतं की पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. हा क्लोरीन मोजायची ओटी टेस्ट असते. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. आता सांगा, ही टेस्ट कुठं घेतात? टाकीखालच्या पहिल्या नळावर. तिथं पिवळं येणारच! रजिस्टरात पिवळं लिहिलं की गाव सुरक्षित. शेवटच्या नळाला कोण विचारतो? शेवटचा नळ कुणाचा आहे हे मी पुन्हा सांगायला नको.

आम्ही विचारलं. वसतिगृहातली पोरं आणि वस्तीतल्या पोरी मिळून आम्ही तालुक्यातल्या गावांत फिरलो. प्रत्येक गावात टाकीजवळचा नळ, गावातला नळ, वस्तीतला शेवटचा नळ, वस्तीतला हातपंप. जवळ एच-टू-एसच्या बाटल्या. टाकीजवळ ओटीला पिवळा रंग आला आणि वस्तीत पाणी पांढरंच राहिलं, असं आम्ही एका गावात नाही, गावागावात पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी वस्तीच्या बाटल्या काळ्या झाल्या. ग्रामसेवकाला दाखवल्या तर म्हणाला, 'तुम्ही बाटलीत काय टाकलं?' बघा. पाणी त्यांचं, पाइप त्यांचा, आणि संशय आपल्या हातावर. शंभर वर्षांनी तोच प्रश्न, फक्त सोवळं जाऊन त्या जागी ऑफिसचा शिक्का आलाय.

०

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. 'तुम्हीच काय टाकलं' ह्याचं पुढचं टोक बघायचं असेल तर तामिळनाडूत वेंगैवयलला बघा. पुदुकोट्टै जिल्हा. डिसेंबर २०२२. दलित वस्तीतली लेकरं आजारी पडायला लागली, जुलाब, उलट्या, ताप. डॉक्टर म्हणाले, पाणी बघा. वस्तीतले लोक टाकीवर चढले. टाकीत माणसाची विष्ठा तरंगत होती. पेपरात गाजलं, पुढारी येऊन गेले. त्याच भागात चहाच्या दुकानात वेगळे पेले आणि देवळात मज्जाव असल्याचं कलेक्टरबाई जाऊन बघून आल्या. मग तपास चालला. महिने गेले, वर्ष गेलं. डीएनए तपासणीसाठी रक्त मागितलं ते वस्तीतल्या लोकांनाही. आणि जानेवारी २०२५ ला पोलिसांच्या सीबीसीआयडीनं आरोपपत्र लावलं ते कुणावर? त्याच वस्तीतल्या तीन पोरांवर. वस्ती म्हणते आम्हाला हे मान्य नाही. खरंखोटं कोर्ट ठरवेल. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की नमुना ज्याच्या हातात, त्याच्या हातात गोष्ट. ज्या दिवशी लेकरं आजारी पडली त्या दिवसापासून नमुना कुणी घेतला, कधी घेतला, कुठं ठेवला, कुणाच्या सहीनं गेला, ह्याची वस्तीची स्वतःची नोंद पाहिजे. नसली तर सरकारची नोंद हीच एकमेव नोंद. मग ती तुमच्यावरच उलटली तरी तुमच्याकडं दाखवायला कागद नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, १९८९ च्या, हा गुन्हा लिहिलेला आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक जो पाणवठा वापरतात त्याचं पाणी घाण करणं हा गुन्हा. घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट आहेत. १७ व्या कलमानं अस्पृश्यता गेली. कलमं आहेत हो! पण कलमाला पुरावा लागतो, आणि पुरावा भाषणातून येत नाही.

बाबासाहेबांचंच बघा ना. डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी तळ्यासाठी दिवाणी दावा लावला. हे तळं अनादी काळापासून आमचंच आहे, अस्पृश्यांना तिथं वहिवाट नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली २५ डिसेंबर १९२७ ला, त्याचे फोटो-पोस्टर आपल्या घराघरांत. पण तो दावा त्यानंतर दहा वर्षं चालला. साक्षी, दस्त, नगरपालिकेचे कागद, तळ्याची जमीन कुणाची, पाणी कोण कोण भरतं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. अनादी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. दावा गेला. ओंजळ एका दिवसाची होती, कागद दहा वर्षांचा होता. आपण ओंजळीचा उत्सव करतो. कागदाचा वारसा कोण चालवणार?

०

आता आपल्याच माणसांशी भांडायचंय.

आपला एक कार्यकर्ता मला म्हणाला, 'पँथरनं आता पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरायचं काय? ते एनजीओवाल्यांचं काम.' मी म्हणतो, दादा, १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते कुणाकडून? अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. त्यांची संघटना १९६६ ची, ऑकलंडची. त्यांच्या बंदुका, काळी जाकिटं, वळलेली मूठ आपल्याला ठाऊक. पण त्यांनी १९७० च्या सुमाराला शहराशहरांत फुकट दवाखाने चालवले, हे किती जणांना ठाऊक आहे? १९७१ पासून सिकलसेलची तपासणी त्यांनी आपल्या वस्त्यांत सुरू केली, कारण हा आजार काळ्या माणसांचा म्हणून गोऱ्या वैद्यकानं तो बाजूला टाकला होता. रस्त्यावर टेबलं मांडून, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन. तेव्हा त्यांना कुणी एनजीओ म्हटलं नाही, पोलिसांनी तर नाहीच नाही.

आणि सिकलसेल आपल्यापासून लांब आहे काय? विदर्भात जाऊन विचारा. आदिवासींत आहे तसा आपल्या लोकांतही आहे. सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली ती १ जुलै २०२३ ला. आता ह्याचा पाण्याशी संबंध बघा. सिकलसेलच्या लेकराला जुलाब लागले, अंगातलं पाणी उतरलं, की रक्तपेशी वाकड्या होऊन नळ्यांत अडकतात आणि लेकरू हाडं धरून ओरडतं. म्हणजे गटाराचं पाणी दुसऱ्या घरात दोन दिवसांची हगवण, आणि ह्या घरात दवाखाना आणि कर्ज.

अमेरिकेचंच आणखी एक सांगतो. फ्लिंट नावाचं गाव, मिशिगन राज्यात, बहुसंख्य काळे लोक, कारखाने गेलेले, गरिबी. एप्रिल २०१४ ला पैसे वाचवायला गावाचं पाणी बदललं, फ्लिंट नदीचं दिलं. ते पाणी पाइपाला खाणारं होतं, आणि ते थांबवायचं औषध घातलं नाही. जुन्या शिशाच्या पाइपातलं शिसं पाण्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत गेले. अधिकारी म्हणाले, पाणी ठीक आहे. मग २०१५ ला तिथल्या बायाबापड्यांनी व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांबरोबर घराघरांतून बाटल्या भरल्या. अडीचशेच्या वर नमुने. शिसं सापडलं. मोना हॅना-अटिशा नावाच्या डॉक्टरीणबाईनं लेकरांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं दाखवून दिलं. सरकारनं आधी त्यांचीच टिंगल केली, आणि ऑक्टोबर २०१५ ला पाणी परत बदललं. बाटली भरणाऱ्या बायांकडं पदवी नव्हती. नळ त्यांचा होता, लेकरू त्यांचं होतं, आणि नोंद त्यांनी ठेवली होती.

ह्याला हल्ली 'नागरिक विज्ञान' म्हणतात. चांगला शब्द आहे. पण आपल्याकडं ते करणारे कोण? शहरातल्या कॉलेजची पोरं, शनिवारी गाडी करून येतात, विहिरीचं पाणी नेतात, तक्ता करतात, बक्षीस मिळवतात. माझा त्यांच्या विज्ञानावर आक्षेप नाही. आक्षेप त्यांच्या फॉर्मवर आहे. त्यात गावाचं नाव असतं, विहिरीची खोली असते, पीएच असतो, फ्लोराइड असतं. वस्ती कुणाची, हा रकाना नसतो. म्हणजे गावाला एकच पाणी आहे असं धरलेलं असतं. अरे, गावाला स्मशान एक नाही, पाणी एक कुठून असेल? दोन नमुने गावातून घेतले, सरासरी काढली, आणि आपल्या नळातली घाण सरपंचाच्या नळाच्या सरासरीत विरघळून गेली. सरासरी ही सगळ्यात सोज्वळ अस्पृश्यता. तिच्यात कुणी कुणाला शिवी देत नाही, आपण फक्त दिसेनासे होतो.

सरकारी कागदाचंही तेच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाणवठ्यांचं सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. कार्ड ग्रामपंचायतीला! वस्तीला नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन आलं. त्यात गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं, किट द्यायचं, असं लिहिलंय. तुमच्या गावात त्या पाच बायका कोण आहेत? किट कुठल्या कपाटात आहे? त्या पाचांत आपल्या वस्तीची एकतरी आहे काय? उद्या जाऊन विचारा.

आणि आपले पुढारी? दलित वस्तीचा निधी आला की कमान. कमानीवर नाव. मग पेव्हर ब्लॉक. मग समाजमंदिराला पुन्हा रंग. कमान पाहिजे, मला कमानीचं वावडं नाही. पण कमानीखालून जाणारा पाइप गटारातून गेलाय आणि त्याच्यावर ब्लॉक बसवलेत, आता चीर सापडायची कशी? कंत्राटदार आपल्याच माणसाचा मेव्हणा. ह्याबद्दल बोललं की आपण समाजद्रोही. बरं, आहोत.

०

जानेवारी २०२५ ला पुण्यात गुलेन-बॅरे आजाराची साथ आली. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. संशयित धरून दोनशेच्या वर रुग्ण. पाण्याकडं बोट गेलं, विहिरीकडं बोट गेलं. केंद्राचं पथक आलं, नमुने गेले, रोजचा आकडा पेपरात आला. यायलाच पाहिजे होता. त्यातली माणसंही माणसंच. पण जुलै २०२२ ला मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीला आदिवासी माणसं उघड्या विहिरीचं पाणी पिऊन मेली, कारण बिल थकलं म्हणून वीज तोडलेली आणि नळाला पाणी नव्हतं. तो आकडा किती दिवस छापला? आणि आपल्या वस्तीत दर पावसाळ्यात जे जुलाब, कावीळ, टायफॉईड होतात, त्याचा तर आकडाच नाही. तो आजार धरतच नाहीत. 'त्या लोकांचं राहणीमानच तसं.' मोजलं नाही म्हणून नाही, आणि नाही म्हणून मोजायचं नाही.

पूर्वी पटकी आली की मरीआईचा कोप म्हणायचे. मरीआईचा गाडा ओढायचा कुणी? आपण. आसूड अंगावर मारून घ्यायचा कुणी? आपल्या पोतराजानं. साथ गावाच्या वेशीबाहेर काढायची म्हणजे आपल्या दिशेला ढकलायची. इकडं १८५४ ला लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरून विचारत होता, तुमच्यात कोण मेलं आणि तुम्ही पाणी कुठलं प्यालात? त्यावरून त्यानं ब्रॉड स्ट्रीटचा पंप पकडला आणि पंपाचा दांडा काढायला लावला. जंतू तर त्यानं पाहिलाही नव्हता. घरोघर विचारलं, लिहून ठेवलं, नकाशावर खुणा केल्या. हे आपल्याला जमणार नाही काय? गटारात उतरणारा माणूस आपला, झाडू मारणारी बाई आपली, गावचा पाणीसोड्या कित्येक ठिकाणी आपला. पाइप कुठं चिरलाय आणि चेंबर कुठं तुंबलंय हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? इंजिनिअर नकाशा बघून सांगतो, आपला माणूस नाक लावून सांगतो. फक्त त्याचं कुणी लिहून घेत नाही.

म्हणून लिहून घ्यायला लागा. कसं ते सांगतो.

एच-टू-एसची बाटली ही ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव ह्यांनी १९८२ ला छापलेली युक्ती आहे. आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि तोंडाला बोट लावायचं नाही, उबदार जागी ठेवायची. आतड्यातल्या घाणीबरोबर येणारे जंतू असले तर एक-दोन दिवसांत पाणी काळं होतं. लाइट नको, फ्रिज नको, मायक्रोस्कोप नको. पण तिची मर्यादा ध्यानात ठेवा, नाहीतर तहसीलदार तुम्हाला तोंडावर पाडील. जमिनीखालच्या पाण्यात आधीच गंधकाचा अंश असला तर बाटली उगाच काळी होऊ शकते. बाटली काळी झाली नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असंही नाही. तिला फ्लोराइड कळत नाही, नायट्रेट कळत नाही. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर लेकरांचे दात डागाळतात, पुढं हाडं धरतात. नायट्रेट पंचेचाळीसच्या वर गेलं तर बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला धोका, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. म्हणून बाटली काळी झाली की तिथं थांबायचं नाही. तिच्या जोरावर सरकारी प्रयोगशाळेची तपासणी मागायची, लेखी. उत्तर नाही आलं तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट मागा, आणि नमुना कुठल्या नळाचा ते मागा.

नमुना घेताना तारीख, वेळ, नळ कुणाच्या दारातला, लाइनीत कितवा, पाणी सुटून किती मिनिटं झाली, वास, रंग, कोण हजर होतं, सह्या. फोटो. एक बाटली टाकीजवळची, एक गावातली, एक वस्तीतली, एकाच दिवशी. तुलना हाच आपला मुद्दा आहे. वस्तीची एकटी बाटली दाखवली तर म्हणतील, तुमचेच हंडे घाण. तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की त्यांना बोलायला जागा राहत नाही. आणि त्याच वहीत घरोघरचे जुलाब लिहा. कुणाच्या घरी, कुठल्या तारखेला, कितव्या वयाचं. आजारी माणसाचं नाव मात्र चव्हाट्यावर आणू नका, ते वहीतच राहू द्या.

वही पोरींच्या हातात द्या. पाणी त्या भरतात, आजारपण त्या काढतात. मंचावर हार घालायला नको, वही सांभाळायला आणि ग्रामसभेत वाचायला त्या पाहिजेत.

आणि जलसुरक्षकाला शिव्या देऊ नका. त्याला महिन्याला काय मिळतं ते आधी विचारा. कित्येकदा तो आपल्यासारखाच कुणीतरी, पावडरीचं पोतं खांद्यावर घेऊन फिरणारा. भांडण त्याच्या वरच्याशी आहे.

तोवर लेकरू वाचलं पाहिजे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. १९७१ ला बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीनं पटापट मरत होते, सलाइन संपलं होतं. दिलीप महालनबीस ह्या डॉक्टरनं मीठसाखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्याच हातानं रोग्यांना पाजायला लावलं. शंभरातले तीस मरत होते, ते चारच्याही खाली आले. डॉक्टरचं काम आईबापांनी केलं. ही कृती वस्तीतल्या प्रत्येक चुलीजवळ पाठ पाहिजे, बुद्धवंदनेइतकी.

०

शेवटचं बोलतो. जोतिबांनी १८६८ ला आपल्या घरचा हौद खुला केला. बाबासाहेब तळ्यावर गेले. पुढं मजूरमंत्री झाल्यावर त्याच माणसानं दामोदर खोऱ्याची, धरणांची, देशाच्या पाण्याची योजना मांडली. पाणी हा आपल्या चळवळीतला किरकोळ विषय कधीच नव्हता. तो किरकोळ आपण केला, कारण त्यात स्टेज नाही आणि माइक नाही.

२० मार्च २०२७ ला महाडला शंभर वर्षं होतात. गाड्या जातील, गर्दी होईल, झेंडे लागतील. जरूर जा. पण तळ्याचं पाणी तीर्थ म्हणून घरी आणणारा कुणी भेटला तर त्याला तिथंच आडवा. जाताना प्रत्येक वस्तीनं आपल्या शेवटच्या नळाची नोंद घेऊन जावं. कुठल्या तारखेला बाटली काळी झाली, कुणाला लेखी कळवलं, काय उत्तर आलं, किती लेकरं त्या महिन्यात आजारी पडली. गावाचं नाव, पंचायतीचं नाव, सह्या. तो सगळा ढीग तळ्याच्या काठावर रचू आणि तिथून थेट मंत्रालयात नेऊ. नम्र विनंती म्हणून नाही. पुरावा म्हणून.

ज्याच्याकडं बाटल्या नाहीत त्यानं वहीपासून सुरू करावं. वही दहा रुपयाला मिळते.

जयभीम.